बंदरे नावापुरती, आराखडे चौपाटीपुरते

ठाणे, खास प्रतिनिधी

घोडबंदर, नागला बंदर, रेतीबंदर, मीठबंदर... ठाण्यात रिक्षाने वा बसने फिरणारा नागरिक दिवसातून चार वेळा ‘बंदर’ हा शब्द उच्चारतो. मात्र होडीत बसण्यासाठी तो यांपैकी कोठेही उतरत नाही. घोड्यांचा, मिठाचा आणि रेतीचा व्यापार पाण्यावरून चालत होता त्या काळाची ही नावे. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली आगगाडी ठाण्यात आली आणि पुढच्याच वर्षी, मे १८५४ मध्ये, रूळ खाडी ओलांडून कल्याणला पोहोचले. त्या पुलाबरोबर शहराने पाण्याकडे पाठ फिरवली. ज्या कल्याणच्या खाडीत शिवछत्रपतींनी आरमाराची पायाभरणी केली, त्या कल्याणची ओळखही पुढे रेल्वेचे ‘जंक्शन’ एवढीच उरली.

आता शहरांना पाण्याची पुन्हा आठवण झाली आहे. २०१६ हे त्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष. त्या वर्षी राष्ट्रीय जलमार्ग कायद्याने देशातील १११ जलमार्ग घोषित झाले आणि कल्याण-ठाणे-मुंबई, वसईची खाडी व उल्हास नदी मिळून १४५ किलोमीटरचा ‘राष्ट्रीय जलमार्ग ५३’ कागदावर आला. त्याच वर्षीच्या सप्टेंबरमध्ये ठाणे आणि कल्याण-डोंबिवली या दोन्ही महापालिकांची ‘स्मार्ट सिटी’ योजनेसाठी निवड झाली. दोन्ही शहरांच्या प्रस्तावांत खाडीकिनाऱ्याच्या सुशोभीकरणाला मानाचे पान मिळाले. गायमुख, नागला बंदर, कोलशेत, साकेत, कळवा, कोपरी, पारसिक अशा ठिकाणी पदपथ, बाके, दिवे, उद्याने. कल्याणला दुर्गाडीच्या पायथ्याशी खाडीकिनारा आणि आरमाराचे स्मारक. काही कामे झाली, काही रेंगाळली. केंद्राची स्मार्ट सिटी योजना मार्च २०२५ मध्ये संपली.

अशा रीतीने एकाच काठासाठी दोन वेगळे विचार सुरू झाले. एकाला काठ हवा आहे तो फिरायला आणि पाहायला. दुसऱ्याला हवा आहे तो बोटीच्या थांब्यासाठी. मात्र काठ हे एक चालते बंदर आहे, तेथे होड्या लागतात, जाळी वाळतात, गाळ साचतो आणि या साऱ्याचा सांभाळ रोज कोणी तरी करावा लागतो, हा तिसरा विचार कोणत्याच आराखड्याच्या केंद्रस्थानी नाही. खरा प्रश्न तेथे आहे.

आधी थांब्यांचे पाहू. सागरमाला योजनेतून पहिल्या टप्प्यात मीरा-भाईंदर, कोलशेत, काल्हेर आणि डोंबिवली येथील जेट्या हाती घेण्यात आल्या. जेटी बांधणे हा या कामातील सर्वांत सोपा भाग होय. नेरुळची जेटी बांधून झाल्यावरही दीर्घकाळ प्रवासी बोटीविना उभी होती. बेलापूरहून फेब्रुवारी २०२२ मध्ये वाजतगाजत सुरू झालेली जलटॅक्सी लोकलच्या प्रवाशाला आपलीशी वाटली नाही. मासिक पासाच्या हिशेबात जगणाऱ्या नोकरदाराला एका फेरीसाठी शेकड्यांत मोजावे लागणारे भाडे परवडणारे नव्हते. याउलट वसई-भाईंदर रो-रो सेवा फेब्रुवारी २०२४ पासून सुरू झाली आणि तिला प्रवासी मिळाले. कारण उघड आहे. पाण्यावरून जेमतेम साडेतीन किलोमीटर, रस्त्याने मात्र तीसहून अधिक किलोमीटरचा वळसा. रस्ता लांब आणि पाणी जवळ असेल तेथेच बोट चालते, हा त्यातला साधा धडा.

हा धडा डोंबिवलीला लावून पाहिला तर चित्र फारसे आश्वासक दिसत नाही. डोंबिवलीहून जलद लोकल वीस-पंचवीस मिनिटांत ठाण्याला पोहोचते. गर्दीने जीव नकोसा होतो हे खरे. पण बोट प्रवाशाला ठाणे स्थानकात सोडणार नाही. उल्हासचे मुख्य पात्र मुंब्रा-पारसिकच्या पायथ्याशी वळून काल्हेर आणि कोलशेतच्या मधून घोडबंदरकडे, म्हणजे वसईच्या समुद्राकडे जाते. ठाण्याच्या खाडीशी ते कळव्याजवळच्या ज्या फाट्याने जोडले आहे, तो अरुंद, उथळ आणि रेल्वेच्या व रस्त्याच्या पुलांनी वेढलेला आहे. म्हणजे डोंबिवलीकर कोलशेतला उतरणार आणि तेथून पुन्हा रिक्षा शोधणार. त्यातच मोठागाव-माणकोली पूल २०२४ मध्ये खुला झाला आणि भिवंडीमार्गे ठाण्याला जाणारा रस्ताच जवळचा झाला. मोठागावच्या एकाच काठावर एका यंत्रणेने पूल बांधायचा आणि दुसरीने जेटी, आणि एकाचा दुसऱ्यावर काय परिणाम होईल हे कोणीच एकत्र बसून पाहायचे नाही, ही आपल्या नियोजनाची जुनी रीत आहे.

काल्हेर-कोलशेतची गोष्ट निराळी. ही दोन गावे खाडीच्या दोन काठांवर समोरासमोर आहेत आणि रस्त्याने जायचे तर कशेळीच्या पुलाचा फेरा आहे. काल्हेर, पूर्णा, दापोडे भागांतील गोदामांत कामाला जाणारे, दुचाकीवरून ये-जा करणारे लोक पाहता येथे तरीची सेवा तग धरू शकेल. मात्र येथेही पुलाची योजना आहेच. पूल झाल्यावर जेटीचे काय करायचे, हे आधी ठरवायला हवे.

मग प्रश्न येतो खोलीचा. मुंबईच्या परिसरात उधाणाच्या दिवशी भरती-ओहोटीतील अंतर पाच मीटरच्या जवळ जाते. ठाण्याच्या खाडीत ओहोटीला जे उघडे पडते तो चिखल. रोहित पक्ष्यांना तो हवाच असतो. २०१५ मध्ये या खाडीचा १,६९० हेक्टरचा भाग अभयारण्य झाला आणि २०२२ मध्ये रामसर स्थळांच्या यादीतही तिचे नाव आले. वेळापत्रकाने चालणाऱ्या बोटीला मात्र तो चिखल नको. गमतीची, खरे तर खेदाची, बाब अशी की कळवा-मुंब्र्यापासून कल्याणपर्यंत खाडीचा तळ वर्षानुवर्षे उपसला जात आहे. डुबी मारून रेती काढणाऱ्यांची जागा सक्शन पंपांनी घेतली. उच्च न्यायालयाने २०१० मध्ये चाप लावल्यानंतरही चोरटा उपसा थांबला नाही. पण रेती उपसणारा नौकानयनाचा मार्ग खोदत नसतो. तो जेथे रेती तेथे खड्डा करतो. त्यातून काठ खचतो आणि जाळी टाकण्याची जागाही जाते. मुंब्रा-दिवा पट्ट्यात रेल्वेमार्गालगतच्या काठाबाबत याच तक्रारी होत आल्या आहेत.

या सगळ्याला जबाबदार कोण, असे विचारले तर उत्तर मिळण्याआधीच माणूस थकेल. जेटी महाराष्ट्र सागरी मंडळाची. राष्ट्रीय जलमार्गाचे प्राधिकरण केंद्राचे. पदपथ महापालिकेचा. कांदळवन वनखात्याचे. रेती आणि सरकारी जमीन जिल्हाधिकाऱ्यांची. पूल रेल्वेचा, सार्वजनिक बांधकाम खात्याचा नाही तर एमएमआरडीएचा. सांडपाणी पुन्हा महापालिकांचे. उल्हास आणि वालधुनीच्या प्रदूषणाबद्दल राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्ये दंड ठोठावला, तरी त्या पाण्याच्या काठी सहकुटुंब फिरायला जावे अशी स्थिती अद्याप आलेली नाही. चेंदणीच्या किंवा कोलशेतच्या कोळ्याला होडी ओढून ठेवण्यासाठी दहा फुटांचा उतार हवा असेल, तर त्याने अर्ज कोणत्या खिडकीवर द्यायचा?

यावर कायद्यात तोडगा नाही असे नाही. किनारा नियमन क्षेत्राच्या २०११ च्या अधिसूचनेत स्पष्ट म्हटले होते की, गावपातळीवरील नकाशांत मच्छीमार वस्त्या, त्यांच्या सामायिक जागा, मासेमारीच्या जेट्या, बर्फाचे कारखाने आणि मासळी सुकविण्याच्या जागा दाखवाव्यात. ही यादी ज्याने लिहिली त्याला बंदर म्हणजे काय हे ठाऊक असावे. परंतु नागरिकांना काठाचे दर्शन घडते ते सुशोभीकरणाच्या संकल्पचित्रांतून आणि गृहसंकुलांच्या जाहिरातींतून. त्यांत हिरवळ असते, धावपट्टी असते, पाश्चात्त्य पोशाखातील कुटुंब असते. जाळी वाळत घातलेली कधी कोणी पाहिली आहे काय? घोडबंदर रस्त्यावरील मनोऱ्यांच्या जाहिरातींत तर खाडीचीही ‘रिव्हर’ होते.

त्यात २०१९ च्या अधिसूचनेने भरतीच्या पाण्याच्या खाड्यांलगतचा नियमनाचा पट्टा शंभर मीटरवरून पन्नास मीटरवर आणला. अर्धा झालेला हा पट्टा म्हणजे नेमकी ती जागा, जेथे चेंदणी, कोपरी, कोलशेत, मोठागाव येथील जुन्या वस्त्यांचे पिढ्यान्‌पिढ्यांचे व्यवहार चालत आले. त्यांच्या सामायिक जागेला बहुधा सातबारा नाही. सीमांकन झाले नाही तर ती मोकळी जागा म्हणूनच मोजली जाईल.

केरळात कोचीची जलमेट्रो एप्रिल २०२३ मध्ये सुरू झाली, तेव्हा जेट्या, बोटी, तिकीट आणि जोडरस्ते या सर्वांसाठी एकच कंपनी उत्तरदायी होती. दहा बेटांवरील लोकांची रोजची गरज हा तिचा पाया. मुंबई महानगर प्रदेशासाठी अशाच सेवेचा अहवाल करण्याचे काम २०२५ मध्ये कोची मेट्रोकडेच देण्यात आले असून त्यात वसई आणि ठाणे या खाड्यांचाही विचार आहे. या अहवालात प्रवासीसंख्येचे तक्ते असतीलच. कोलशेतच्या जेटीवर ओहोटीला किती पाणी राहते, उपसलेला गाळ टाकायचा कोठे आणि त्याच धक्क्यावर कोळ्याच्या होडीला कोणत्या वेळी जागा मिळणार, हे तीन रकाने त्यात आहेत की नाहीत, ते अहवाल अंतिम होण्यापूर्वी दोन्ही महापालिकांनी मागून पाहायला हवे.