राखेला चुन्याची जोड, गाळाला जमिनीची

नागपूरच्या भांडेवाडी केंद्रात शुद्ध झालेले सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला पुरविले जाते, ही व्यवस्था स्तुत्यच आहे. परंतु पाण्यापासून वेगळा झालेला मैलागाळ एकीकडे आणि जळलेल्या कोळशाची राख दुसरीकडे उरते, त्या दोहोंकडे मात्र निव्वळ विल्हेवाटीची बाब म्हणून पाहण्याची आपली रीत आहे.

अमेरिकेतील ओहायो राज्यातल्या टोलेडो येथे गेल्या शतकाच्या अखेरीस अशाच दोन त्याज्य द्रव्यांचा, मैलागाळ आणि भट्टीतील धूळ यांचा, संयोग रूढ झाला. पाणी पिळून काढलेल्या गाळात सिमेंट वा चुन्याच्या भट्टीतील धूळ कालविली, की मिश्रण तापते, वाफ निघते, अमोनियाचा डोळ्यांना झोंबणारा दर्प उठतो. आणि सामू ७२ तास १२च्या वर, त्याच अवधीत किमान १२ तास उष्णता ५२ अंश सेल्सिअसच्या वर राहून, मागाहून सुकविलेल्या गाळात निम्म्याहून अधिक घनांश उरला, तर त्या देशाच्या १९९३च्या नियमांनुसार रोगजंतूंचा बंदोबस्त झाला असे मानतात. दर्पासोबत नत्राचाही अंश उडून जातो, हे शेतकऱ्याने ध्यानी ठेवावे.

त्या धुळीच्या मानाने आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना अल्प, त्यामुळे ती ओल शोषील, गाळ मोकळा करील, पण जंतू मारावयास चुना वेगळा आणावा लागेल. ती अडचण पैशाने सुटेल; जमिनीची सुटणार नाही. विदर्भातील काळी जमीन बहुतांशी मुळातच चुनखडीयुक्त, तिच्यात आणखी चुना पडला की जस्त व लोह पिकांस मिळणे दुष्कर होते. कोकणच्या आम्लधर्मी जांभ्या जमिनीस हेच मिश्रण मानवेल. पण नागपूरचा गाळ मालमोटारींनी रत्नागिरीस पाठविण्याची दरखास्त कोणता शहाणा लेखापाल मंजूर करील? म्हणून हा प्रयोग प्रथम कोकणातील नगरपालिकांनी करावा, राख जवळच्या जयगड वा डहाणूच्या वीजकेंद्रांतून घ्यावी, आणि विदर्भाने हे मिश्रण शेतांऐवजी खाणींच्या उघड्या ढिगाऱ्यांवर वनरोपणासाठी आजमावून पाहावे.

या प्रयोगाच्या निविदेत एक अट मात्र हवी. कंत्राटदारास मोबदला किती राख खपविली यावर नव्हे, तर शिसे, कॅडमियम व आर्सेनिक यांच्या कसोटीस उतरलेल्या तयार मालावर मिळावा. अन्यथा वीजकेंद्राच्या आवारातील राख गाळाच्या आडून शेतकऱ्याच्या बांधावर येऊन पडेल.