ह्या बाई कोण?

परवा आईच्या आठवणींची चार पाने लिहिली आणि, काळाबरोबर चालावे म्हणून, मुलाच्या संगणकातील 'एआय'पुढे ठेवली. म्हटले, "जरा नीटनेटके करून द्या." (यंत्राला अहोजाहो करावे की नाही, हा प्रश्न आमच्या घरी अजून सुटलेला नाही!)

क्षणात लेख परत! मराठी शुद्धलेखनाचे नियम १९६२ साली झाले, तरी माझे ऱ्हस्वदीर्घ अद्याप स्वैर हिंडतात. ते सारे जागेवर बसलेले. दोनदा सांगितलेली हकिकतही एकदाच उरलेली. मी खूश! सौभाग्यवतीला वाचून दाखविले. ती म्हणाली, "छान आहे हो. पण ह्या बाई कोण?"

पाहतो तो, आईचे "जळ्ळं मेलं लक्षण!" जाऊन तिथे "हे योग्य नाही" आलेले!

यंत्राचा तरी काय दोष? अफाट मजकूर चाळून, कोणत्या शब्दापुढे बहुधा कोणता शब्द येतो, हे ते शिकलेले. आणि आमची आई काही 'बहुधा' बोलणाऱ्यांतली नव्हती!

आता मी त्याला एवढेच सांगतो, "चुका दाखवा, दुरुस्त मी करीन." लेख थोडा ओबडधोबड राहतो खरा, पण आई घरी परत आली आहे.