घरातले ‘पित्त’ आणि सोनोग्राफीचा कागद

गेल्या महिन्यात अंबाजोगाईस एका स्नेह्यांच्या घरी उतरण्याचा योग आला. थोरल्या काकू माजघरात भिंतीस टेकून आमसुलाचे सार घेत होत्या. “काही नाही हो, द्वादशीच्या पारण्याचे वडे बाधले, पित्त झाले,” असे त्या म्हणाल्या. अधिक विचारता कळले की, हे ‘पित्त’ वर्षभर होत आहे. उजव्या बरगडीखाली कळ निघून पाठीत व खांद्यापर्यंत जाते आणि तास-दोन तासांनी ओसरते.

आपल्या भाषेने येथे मोठाच घोटाळा करून ठेवला आहे. छातीत जळजळले, डोके दुखले, अंगावर गांधी उठल्या, तरी आपण ‘पित्त झाले’ म्हणतो. यकृताखालच्या पित्ताशयाशी त्याचा बहुधा संबंध नसतो. आणि जेथे खरोखर पित्ताशय दुखते, तेथेही तेच नाव पडून आमसुलावर भागते!

काकूंची सोनोग्राफी झाली. तिच्यापूर्वी सहा-आठ तास उपाशी राहावे लागते, कारण अन्न पोटात जाताच पित्ताशय आकसते व नीट दिसत नाही. (काकूंस उपासाचे काय भय!) कागदावर ‘मल्टिपल कॅल्क्युलाय’, म्हणजे अनेक खडे, हे शब्द पाहताच निम्मे घर त्याच रात्री मुंबईस निघाले आणि निम्मे काढ्याच्या शोधास लागले. काढ्याने हे खडे विरघळतात यास पुरावा नाही.

वस्तुतः केवळ खडा दिसला म्हणून घाबरू नये. मुळीच त्रास नसलेल्या शंभरांपैकी वर्षाकाठी एक ते चार जणांसच त्रास सुरू होतो. अशांचे खडे वैद्य बहुधा तसेच राहू देतात. काकूंसारखी कळ येत असेल तर मात्र पित्ताशय काढणेच श्रेयस्कर. ‘स्लज’ म्हणजे गाळ. भिंत तीन मिलिमीटरांहून जाड व तेथे दाबताच दुखणे, हे दाहाचे लक्षण. नलिका फुगलेली असल्यास खडा तीत उतरल्याचा संशय घ्यावा. दहा मिलिमीटर वा त्याहून मोठा ‘पॉलिप’ असल्यास शल्यवैद्यांस दाखवावे.

कळ पाच तासांत न ओसरणे, थंडी वाजून ताप, डोळे पिवळे होणे, लघवी गडद होणे, ओकाऱ्या न थांबणे, यांपैकी एकही झाले तर सकाळची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. वृद्धांत व मधुमेह्यांत ही लक्षणे सौम्य भासतात, म्हणून तेथे अधिकच सावध असावे.

मुंबईचा हट्टही आम्हांस पटला नाही. दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी १९९० साली मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात भारतात प्रथम केली, हे खरे. पण आज ती सर्वत्र रूढ आहे, आणि अंबाजोगाईस तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय आहे.

“नातवाची मुंज होऊ द्या, मग पाहू,” असे काकूंचे म्हणणे. दाह नसताना ठरवून केलेली शस्त्रक्रिया ऐन दुखण्यातल्या शस्त्रक्रियेहून पुष्कळ सोपी असते, हे धाकट्या सूनबाईंनी त्यांस दोन दिवस समजाविले. तारीख मुंजीआधीची ठरली. आमसुलाचे सार मात्र अद्याप चालू आहे.