आधी मोडलं काय ते पाहा

रोहिणी सरून मृग लागला की कन्नड, सिल्लोड, सोयगावकडच्या काळ्या रानात दोन चाकांवर चालणारी गाडी बांधापाशीच थांबते. म्हणून मे महिन्यात आपल्या गॅरेजांपुढे जुन्या जीप आणि जिप्सी उभ्या राहतात. मालकांचं मागणं बहुधा एकच असतं: ‘ट्रान्सफर आवाज करतोय, आता एकदाच मजबूत टाकून द्या.’ आणि आपणही पुष्कळदा होकार देतो. या अंकात त्या होकाराआधीच्या तासाभराच्या तपासणीबद्दल लिहायचं आहे, कारण ती न झाल्यामुळे गिऱ्हाइकाचे पैसे आणि आपलं नाव अशी दोन्हींची हानी होताना आम्ही पाहतो.

आपल्याकडच्या जुन्या जीपच्या पोटात जी ट्रान्सफर केस आहे, ती मूळची स्पायसर 18. दुसऱ्या महायुद्धातल्या विलीज जीपला 1941 मध्ये ती बसली आणि अमेरिकेत 1971 पर्यंत जीपमध्ये राहिली. महिंद्रच्या जीपबरोबर तीच रचना आपल्याकडे आली आणि आपल्या मिस्त्र्यांच्या दोन पिढ्यांचे हात तिच्यावर तयार झाले. बिडाचं हौसिंग आणि आत सगळे गिअर, साखळी नाही. गिअरबॉक्सच्या मेन शाफ्टवरचा गिअर मधल्या गिअरला फिरवतो आणि मधला गिअर उजव्या अंगाला असलेल्या आउटपुटला. मागचा प्रोपेलर शाफ्टही उजवीकडूनच निघत असल्यामुळे हाय असो वा लो, सगळा जोर कायम त्या मधल्या गिअरमधूनच जातो. म्हणजे डांबरी रस्त्यावर टू-व्हीलमध्ये पळतानाही तो झिजतच असतो.

हे दुबळेपण बनवणाऱ्यांनाही ठाऊक होतं. मधला शाफ्ट युद्धकाळात पाऊण इंच जाडीचा होता, 1946 नंतर तो सव्वाएक इंचाच्या थोडा आत आला आणि 1955 च्या सुमारास पुरता सव्वा इंच झाला. लोचं प्रमाणही 1.97 वरून 2.46 वर गेलं. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन केसांत एवढं अंतर असू शकतं. म्हणून ‘अठरा नंबर कच्ची असते’ असं सरसकट बोलण्याआधी शाफ्ट बाहेर काढून त्याला मायक्रोमीटर लावा.

मग मोडलेला भाग उजेडात धरा. दात्याच्या अंगावर बारीक खड्डे पडले असतील, तर बोट तेलाकडे किंवा गिअरच्या कडकपणाकडे जातं. मोडलेल्या जागी शिंपल्यावर असतात तशा वळ्या दिसल्या, तर तो दाता बरेच दिवस थकत होता. जागा खडबडीत, दाणेदार असेल, तर एका हिसक्यात तुटला. शाफ्टची स्प्लाइन पिळली गेली असेल, तर पेलवला नाही तो टॉर्क. या चार खुणांना चार वेगळे उपाय आहेत आणि त्यांतल्या फक्त शेवटच्या दोघींत ‘मजबूत केस’ हा विचार सुरू होतो. बाकी ठिकाणी नवी केस टाकणं म्हणजे आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

तेलाचंच बघा. या जीपमध्ये गिअरबॉक्स आणि ट्रान्सफर केस एकमेकांना चिकटून असतात आणि मधल्या बेअरिंगमधून तेल इकडचं तिकडे जातं. एकीकडे पातळी वाढलेली, दुसरीकडे कोरडी. एकाच बाजूचा बोल्ट उघडून ‘तेल आहे’ म्हणणारा फिटर अर्धीच तपासणी करतो. दुसरं कारण चालवणाऱ्याच्या सवयीत आहे. या गाड्यांत पुढच्या आणि मागच्या शाफ्टमध्ये डिफरन्शियल नसतो. चिखलात किंवा वाळूत चाक घसरून पीळ सुटतो, पण कोरड्या डांबरावर फोर-व्हील लावून वळलं की तो पीळ आतच साठत जातो. पुढे नवे आणि मागे झिजलेले टायर असतील तर सरळ रस्त्यावरही तेच होतं. गाडी परत देताना मालकाला हे पाच मिनिटांत समजावलंत, तर त्याची ट्रान्सफर केस पाच वर्षं जास्त टिकेल असं आम्हाला मनापासून वाटतं.

आता खऱ्या गरजेचा प्रसंग. एमएम 540 मधलं प्यूजोचं 2112 सीसीचं डिझेल इंजिन साधारण 120 न्यूटन-मीटर टॉर्क देतं. 2010 साली आलेल्या थारच्या सीआरडीई इंजिनाचा टॉर्क 247. ते इंजिन जुन्या जीपमध्ये चढवायचं, तर मागच्या प्रत्येक दात्यावरचा भार दुप्पट होणार. इथे अठरा नंबरवर भरवसा ठेवणं चूक आहे. अमेरिकेत याला उत्तर म्हणून आधी डाना 20 आणि पुढे 1980 ते 1986 च्या सीजे जीपमधली डाना 300 वापरतात. डाना 300 बिडाची, गिअरवर चालणारी, लो 2.62. आपल्याकडे हाताशी असणारा पर्याय म्हणजे थारमधली बोर्गवॉर्नरची केस. तिची लो 2.48. हा आकडा अठरा नंबरच्या 2.46 पेक्षा जवळपास वेगळा नाही. म्हणजे ‘मजबूत’ आणि ‘खालचा गिअर’ या दोन निराळ्या गोष्टी आहेत. गिऱ्हाईक दोन्ही एकाच शब्दात मागतो. त्याला नेमकं काय हवं आहे ते आपण विचारून घ्यायला हवं.

बदलायचंच ठरलं, तर सगळ्यात आधी आउटपुट कुठल्या अंगाला निघतो ते पाहा. अठरा नंबरच्या गाडीत मागच्या एक्सलचा डिफरन्शियलही उजवीकडे असतो. मधून आउटपुट देणारी केस लावली की मागचा एक्सलही मधल्या डिफरन्शियलचा हवा. नाहीतर शाफ्ट तिरपा जाऊन क्रॉस खात बसेल. पुढचा आउटपुटही पुढच्या एक्सलच्याच बाजूला हवा. मग गिअरबॉक्सशी जोडणी, ॲडाप्टर प्लेट आणि तिच्यामुळे बदलणारी दोन्ही शाफ्टांची लांबी. शेवटची गोष्ट विसरली जाते आणि ती जिवाशी खेळणारी आहे. विलीजच्या घडणीत हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागच्या आउटपुटवर बसतो. केस निघाली की हँडब्रेकही निघाला. त्याची पर्यायी सोय केल्याशिवाय गाडी गॅरेजच्या फाटकाबाहेर जाता कामा नये. पुढे औट्रम घाट आहे.

साखळीची केस बसवत असाल तर तेलही बदलतं. अशा पुष्कळ केसांना पातळ एटीएफ लागतं. हाताच्या सवयीने 90 नंबरचं तेल ओतू नका, त्या केसचं पुस्तक पाहा. शिवाय ॲल्युमिनियमचं हौसिंग खडकावर आपटलं तर तडकतं. त्याखाली पत्र्याची ढाल द्या.

जिप्सीची गोष्ट वेगळी. तिची ट्रान्सफर केस गिअरबॉक्सपासून सुटी, रबरी माउंटवर टांगलेली असते. त्यामुळे गिअरबॉक्सला हात न लावता बदलता येते. 1985 मध्ये आलेल्या 410 च्या केसची प्रमाणं हायला 1.580 आणि लोला 2.511. नंतरच्या 1.3 लिटरच्या गाडीत ती 1.409 आणि 2.268 झाली. मोठे टायर घालून दम गमावलेल्या गाडीला जुन्या 410 चे गिअर मिळाले, तर हायमध्ये बारा टक्के दम परत येतो. टायर जेवढे वाढले तेवढाच हा फरक असेल तर त्याहून जास्त मागू नये.

जास्त मागितलं तर काय होतं, त्याचा हिशेब सोपा आहे. पहिला गिअर 3.652, लो 2.268, एक्सल 3.727, गुणाकार सुमारे 30.9. बाहेरून मिळणारा 4.16 लोचा संच बसवला की तोच आकडा 56.6 होतो. एक्सल आणि पुढच्या जॉइंटवर 83 टक्के जास्त टॉर्क. चिखलात चाक घसरेल आणि भार सुटेल. गौताळ्याच्या डोंगरात दोन दगडांत अडकलेलं चाक मात्र घसरत नाही. तिथे एक्सलच तुटतो. ट्रान्सफर केस शाबूत राहते आणि मोडणं दोन फूट पुढे सरकतं. असा संच लावणाऱ्याने एक्सलचाही खर्च त्याच दिवशी मालकाला सांगावा. आणि तो लावण्याआधी केसचे रबरी माउंट आणि त्यांचे हात तपासावेत. झिजलेल्या रबरावर केस पिळते आणि हात तडकतात. तो दोष गिअरचा नसतो.

कायद्याचंही स्पष्ट बोलू. मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आणि 9 जानेवारी 2019 चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल यांनी गाडीच्या मूळ घडणीत फेरफार करण्यावर कडक बंधन घातलं आहे. इंजिन बदलण्याचं काम हाती घेण्याआधी एमएच 20 च्या कार्यालयात लेखी विचारणा करा. भंगारातली केस घेताना पावती घ्या.

या शहराची एक ताकद आपण पुरेशी वापरत नाही. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्यात रोज हजारो गाड्यांचे सुटे भाग घडतात. गिअर कापणारे, कार्ब्युरायझिंग करणारे, मायक्रॉनमध्ये बोलणारे टर्नर आपले शेजारी आहेत. चिकलठाण्यात इंडो-जर्मन टूल रूम आहे. तरीही जीपचा मधला गिअर आपण दुकानातून वजनावर घेतल्यासारखा घेतो. एन 353 किंवा 20 एमएनसीआर 5 सारखं पोलाद, वरचा थर साधारण 58 ते 62 एचआरसी, आतला गाभा चिवट, एवढं लेखी मागितलं तरी अठरा नंबरच्या पुष्कळ गाड्यांना नवी केस लागणारच नाही. सव्वा इंचाचा नीट घासलेला शाफ्ट, चांगले रोलर आणि योग्य शिम घालून बांधलेली जुनी केस मूळ इंजिनाला पुरून उरते.

म्हणून या पावसाळ्यासाठी एक विनंती. मोडलेला दाता भंगारात टाकू नका. त्याला चिठ्ठी लावा: गाडी कोणती, इंजिन कोणतं, टायर केवढे, तेल किती निघालं, मोडलेली जागा कशी दिसली. वर्षभरात असे वीस-पंचवीस दाते एका फळीवर जमले की आपल्या मातीत, आपल्या घाटांत, आपल्या गाड्यांचं नेमकं काय मोडतं, हे परक्या कॅटलॉगपेक्षा ती फळी जास्त खरं सांगेल. पुढचा मालक ‘मजबूत टाकून द्या’ म्हणाला, की त्याला आधी त्या फळीपाशी घेऊन जा.