चेहऱ्यावरचे वण आणि बाजारातील भाव

हरवलेल्या माणसांविषयीच्या जाहिरातींत एके काळी ‘चेहऱ्यावर देवीचे वण’ ही खूण हमखास आढळे. मे १९७५ मध्ये देवीची लागण झालेला देशातील शेवटचा रुग्ण सापडला आणि पुढे ती खूणही जाहिरातींतून नाहीशी झाली. त्या वणांवर उपाय नव्हता, म्हणून त्यांना बाजारभावही नव्हता. तारुण्यपीटिकांनी मागे ठेवलेल्या वणांची गोष्ट निराळी आहे. त्यांवर आज उपाय आहेत. आणि उपायामागोमाग किंमत आली, जाहिरात आली, मासिक हप्तेही आले. जिल्ह्याच्या गावीदेखील आता लेसरची पाटी झळकते. ती वाचून पायऱ्या चढणारा ग्राहक धनिक असतोच असे नाही. मुलाखतीचे पत्र हाती पडलेला पदवीधर, दुकानात विक्रेतीची जागा शोधणारी मुलगी, तिचे लग्न जमत नाही म्हणून कासावीस झालेले आईबाप, अशीही माणसे त्या रांगेत असतात.

या मंडळींच्या खर्चाला ‘नसते चोचले’ म्हणून हिणवणे सोपे आहे, न्याय्य नाही. हॅमरमेश आणि बिडल या अर्थशास्त्रज्ञांनी १९९४ साली अमेरिका व कॅनडातील आकडेवारीवरून दाखवून दिले की, रूपाने डावी समजली जाणारी माणसे वेतनातही मागे राहतात. वधूवरांच्या जाहिराती नित्य वाचणाऱ्यांना यासाठी आकडेवारीची गरज भासू नये. तेव्हा मागणी योग्य की अयोग्य, हा प्रश्नच नव्हे. पैसे नेमके कशाचे मोजले जातात, हा खरा प्रश्न आहे.

पीटिका बरी झाल्यावर दोन प्रकारच्या खुणा राहतात. एक तांबूस वा काळसर डाग. दुसरी त्वचेतील खड्डा. सावळ्या वर्णावर डाग विशेष उठून दिसतो. परंतु तो केवळ रंगाचा दोष असतो. नव्या पीटिका येऊ दिल्या नाहीत आणि उन्हापासून त्वचा जपली, तर बहुतेक डाग काही महिन्यांत आपोआप फिके पडतात. काहींना वर्षभर किंवा अधिक काळही लागतो. खड्डा मात्र मलमाने भरून येत नाही, कारण तेथे त्वचेच्या आतल्या थराचीच हानी झालेली असते. सामान्य गिऱ्हाइकाला हा भेद ठाऊक नसतो. डाग आणि खड्डे यांचे एकच गाठोडे बांधून ‘सहा बैठका, एकरकमी सवलत’ असा भाव सांगितला, की काळाने फुकट केलेल्या कामाचेही मोल त्याच्याकडून वसूल होते.

खड्ड्यांवरील उपचार खोटे आहेत, असा याचा अर्थ नव्हे. सूक्ष्म सुया टोचणे, लेसर, खोल खड्ड्यात आम्लाचा थेंब सोडणे, त्वचेखाली सुई सरकवून आखडलेले तंतू तोडणे, या साऱ्यांचे तत्त्व बव्हंशी एकच. नियंत्रित जखम करावयाची, म्हणजे शरीर ती भरताना नवे कोलॅजन निर्माण करते. जाणत्या त्वचारोगतज्ज्ञाच्या हातून यामुळे वण उथळ होतात. साफ पुसले जात नाहीत. बेताल हातून सावळ्या त्वचेवर लेसर चालला, तर नवे काळे डाग उमटतात, ते निराळेच.

व्यवहाराची मेख येथेच आहे. नवे कोलॅजन तयार होण्यास काही महिने लागतात. पैसे मात्र पहिल्याच दिवशी मागितले जातात. विक्रेत्याला ठाऊक आणि ग्राहकाला अज्ञात अशा दोषांमुळे बाजार कसा नासतो, हे अॅकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणाने दाखविले. जुनी मोटार निदान चालवून तरी पाहता येते. उपचार घेतले नसते तर चेहरा कसा दिसला असता, हे पाहण्याची सोय कोणत्याही आरशात नाही! सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत आणली, हे खरे. परंतु तेथे हयगय सिद्ध करावी लागते. अपेक्षाभंग ही हयगय नव्हे.

म्हणून आधी व्यवहाराची रीत बदलावयास हवी. खूण डागाची की खड्ड्याची, किती सुधारणा संभवते, उपचार करणाऱ्याची पदवी कोणती, हे लेखी मिळावे. पैसे बैठकीगणिक घ्यावेत. पहिले व नंतरचे छायाचित्र एकाच प्रकाशात काढलेले असावे. आगाऊ एकरकमी वसुलीला बंदी घातल्यास प्रामाणिक डॉक्टरांचे काही बिघडणार नाही.

शासनाच्या लेखी हा चैनीचा मामला दिसतो. वस्तू व सेवा करातून आरोग्यसेवेला मिळालेली सूट, जन्मजात दोष वा इजा यांसारखे अपवाद सोडल्यास, सौंदर्यशल्यक्रियेला लागू नाही. ते क्षणभर मान्य करू. मग वण पडूच नयेत यासाठीचे उपचार तरी चैन ठरत नाहीत. बेन्झॉइल पेरॉक्साइड, अॅडापॅलीन यांसारख्या मलमांचा खर्च लेसरच्या मानाने किरकोळ आहे. प्रत्यक्षात मुले मित्राच्या सांगण्यावरून स्टेरॉइडयुक्त मलम चोपडतात आणि पीटिका वाढवून घेतात. २०१८ साली केंद्राने अशी चौदा औषधे चिठ्ठीविना विकण्यास मनाई केली. दुकानदार चिठ्ठी मागतोच असे नाही. पुष्कळ महाविद्यालयांत प्रवेशानंतर आरोग्यतपासणी होते. उंची, वजन, दृष्टी यांची नोंद होते आणि पीटिकांनी भरलेल्या चेहऱ्याकडे ‘वयाचा दोष’ म्हणून डोळेझाक होते. त्याच कागदावर सरकारी रुग्णालयाच्या त्वचाविभागाकडे जाण्याची एक ओळ लिहावयास डॉक्टरांना कितीसा वेळ लागेल?