शिकवतो तो शिक्षक!

दिल्ली विद्यापीठाचा 1922 चा कायदा शिक्षक कोणास म्हणतो? प्राध्यापक, प्रपाठक, अधिव्याख्याते आणि विद्यापीठात वा महाविद्यालयात अध्यापन करणाऱ्या इतर व्यक्ती. परकीय राजवटीतील या कायद्याला नेमणूकपत्रावरील शेरा तपासावासा वाटला नाही. जो शिकवतो तो शिक्षक, एवढे त्याला पुरेसे होते. स्वतंत्र भारताच्या विद्यापीठीय नोकरशाहीला मात्र ते पुरेसे वाटत नाही. वर्ग घेताना, उत्तरपत्रिका तपासताना, परीक्षेत पर्यवेक्षण करताना जो शिक्षक असतो, तो कारभाराचा प्रश्न निघताच परका ठरतो.

ही किमया 120 दिवसांच्या नेमणुकीने साधली गेली. चार महिन्यांचे पत्र, एक दिवसाचा खंड, पुन्हा नवे पत्र. अशी कित्येकांची दहा-दहा वर्षे गेली. 2019 साली अशा तदर्थ शिक्षकांची संख्या चार हजारांहून अधिक होती. महाविद्यालयाच्या नियामक मंडळावर शिक्षक-प्रतिनिधी जातात ते सेवाज्येष्ठतेनुसार, आळीपाळीने. ज्याची सेवाच दर चार महिन्यांनी तोडली जाते त्याला ज्येष्ठता कोठून येणार? स्टाफ कौन्सिलमध्ये तदर्थ शिक्षकाला बसता येई, हे खरे. परंतु ज्यांच्या हाती पुढचे पत्र, त्यांच्याच देखत विरोधी हात वर करणे किती जणांना परवडेल? दिल्ली उच्च न्यायालयापुढे 2020 साली आलेले प्रकरण पाहा. प्रसूती रजा मागणाऱ्या एका तदर्थ शिक्षिकेची नेमणूक महाविद्यालयाने पुढे चालू ठेवली नाही. न्यायालयाने ते बेकायदा ठरविले. जेथे रजेचा अर्ज नोकरीवर बेतत होता, तेथे मतस्वातंत्र्याच्या गप्पा ही निव्वळ धूळफेक होय.

28 ऑगस्ट 2019 रोजी विद्यापीठाने परिपत्रक काढले : नव्या रिक्त जागांवर तदर्थ नव्हे, अतिथी शिक्षक नेमावेत. ज्यांच्या पोटाशी त्याचा संबंध, त्यांना कोणी विचारले नव्हते. 4 डिसेंबरला शिक्षक संघटनेच्या हाकेवर, ज्या कुलगुरू कार्यालयात त्यांना कधी खुर्ची मिळाली नव्हती तेथे हजारो शिक्षक जाऊन बसले. दुसऱ्याच दिवशी मंत्रालयाला बोलणी करून तदर्थांना कामावर चालू ठेवण्याचे मान्य करावे लागले. हा विजय होता, पण अपुरा. कारण सभागृहातली जागा तशीच रिकामी राहिली. 2022 च्या अखेरीस कायम नेमणुकांच्या मुलाखती सुरू झाल्या, तेव्हा वर्षानुवर्षे शिकविणारे अनेकजण काही मिनिटांच्या मुलाखतीनंतर घरी बसले. एप्रिल 2023 मध्ये अशाच एका तरुण शिक्षकाने आत्महत्या केली. निवडीच्या पद्धतीवर बोलायला त्यांच्या बाजूचे तेथे कोणीही नव्हते.

आता भार अतिथी शिक्षकावर आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने 2019 मध्ये त्याचा दर तासिकेला 1500 रुपये आणि महिन्याला कमाल 50,000 असा ठरविला. तासावारी मजुरीत मालक कामगाराला पोटापुरते काम देण्यासही बांधील राहत नाही, हे मार्क्सने कापडगिरण्यांच्या जमान्यात दाखवून दिले होते. ते आज राजधानीतील महाविद्यालयांच्या वेळापत्रकात वाचावयास मिळते. सुट्टीचे दाम नाही, आणि बैठकीचेही नाही. मग अतिथी शिक्षक बैठकांना येत नाहीत, म्हणून त्यांना महाविद्यालयाबद्दल आस्था नाही, असा निष्कर्ष काढायला मंडळी मोकळी!

आजचा आहे, उद्या नाही, अशा माणसाच्या हाती दूरगामी निर्णय कसे द्यावेत, असा युक्तिवाद केला जातो. नियामक मंडळावरील नामनिर्देशित सदस्यांना हा प्रश्न का विचारला जात नाही? त्यांच्यातील किती जणांनी त्या महाविद्यालयात एक तासिका तरी घेतली आहे? शिवाय अस्थायित्व ही शिक्षकाची निवड नव्हे, ते सरकारी धोरण आहे. आधी पाय कापावयाचे आणि मग चालता येत नाही म्हणून बाहेर बसवावयाचे, असा हा न्याय. आणि दूरगामी म्हणतात ते निर्णय प्रथम याच माणसावर कोसळतात. 2022 च्या नव्या अभ्यासक्रम आराखड्यात भाषाविषयक अनिवार्य घटकातून इंग्रजी वगळली गेली, तेव्हा तासिका घटण्याची टांगती तलवार कोणाच्या डोक्यावर आली?

एक कटू गोष्ट आपल्या घरातलीही बोलली पाहिजे. कार्यभार वाटताना कायम शिक्षकांचे तास आधी भरतात, उरेल ते इतरांना. या वाटपात डाव्या विचारांचे कायम शिक्षकही बसलेले असतात, आणि ‘प्रथा आहे’ एवढ्यावर त्यांचे समाधान होते. महाराष्ट्रातील कॉम्रेड्सनीही दिल्लीकडे बोट दाखवून थांबू नये. तेथील विद्यापीठ कायद्यात शिक्षक म्हणजे पूर्णवेळ व मान्यताप्राप्त शिक्षक. तासिका तत्त्वावर राबणारा अधिसभेच्या मतदारयादीत येतच नाही. या बाबतीत 1922 चा कायदा अधिक उदार म्हणावा लागेल.

म्हणून मागणी नेमकी हवी. एक सत्र शिकविणाऱ्या प्रत्येकास स्टाफ कौन्सिलमध्ये मत. नियामक मंडळावर अस्थायी शिक्षकांनी निवडलेला प्रतिनिधी. तो पदावर असेतोवर त्याच्या नेमणुकीस हात न लावण्याची हमी. आणि बैठकीच्या तासांचे मानधन. कायम जागा भरण्याच्या लढ्याला ही मागणी पर्याय नाही, हे उघड आहे. ती प्रथम आपल्याच शिक्षक आघाड्यांनी आपापल्या महाविद्यालयातील स्टाफ कौन्सिलच्या येत्या बैठकीत, कायम शिक्षकाच्या सहीने, ठरावरूपाने मांडावी.