मुंग्या पाळायच्या, पण कोणत्या?



विज्ञान प्रदर्शन जवळ आलं की मुलांना एकेक कल्पना सुचतात. त्यातली एक हल्ली वारंवार कानावर येते, ती म्हणजे मुंग्यांची वसाहत. मोबाईलवर व्हिडिओ असतात. काचेची पेटी, आत माती, बोगदे, पांढऱ्या अळ्या आणि मधोमध मोठी राणी. मुलं म्हणतात, "मॅडम, आपणही पाळू." त्याला माझं उत्तर हो आहे. पण पेटीतली मुंगी लाल आगमुंगी, म्हणजे फायर अँट असेल आणि "बघा, एकाच पेटीत दहा राण्या" असं कौतुक चाललं असेल, तर माझं उत्तर ठाम नाही आहे. पालकांना हा फक्त चावण्याचा प्रश्न वाटतो. म्हणून जरा सविस्तर लिहिते.

एका वारुळात एकच राणी, असं आपण मुलांना सांगतो. आगमुंगीत दोन प्रकार असतात. एका प्रकारात राणी उडते, मिलन होतं, पंख गळतात आणि ती एकटीच बीळ करून अंडी घालते. अशा वारुळाचं शेजारच्या वारुळाशी पटत नाही, त्यामुळे वारुळं लांब लांब राहतात. दुसऱ्या प्रकारात मिलन झालेल्या नव्या राण्यांना जुन्याच वारुळात घेतलं जातं. राण्या वाढत जातात, शेजाऱ्यांशी भांडण नाही, आणि एकरी दोनशेच्या वर वारुळं होऊ शकतात. हा फरक आनुवंशिक आहे. त्यामागचा जनुकांचा गठ्ठा २०१३ साली 'नेचर'मध्ये मांडला गेला. त्यामुळे कुठल्याही पाच राण्या पकडून एका पेटीत घातल्या की गुण्यागोविंदानं राहतील, असंही नाही. मजूर मुंग्या नको असलेल्या राणीला मारून टाकतात.

आता खरा मुद्दा. अनेक राण्यांची वसाहत पसरते ती बहुतेक पायी. एखादी राणी आणि थोड्या मजूर मुंग्या थोडं दूर जातात आणि नवं वारूळ मांडतात. नव्या वारुळाला लागतं काय? एक राणी, काही मजूर, मूठभर माती. आपल्या बरणीत नेमकं तेवढंच असतं! एकच राणी असलेली बरणी सांडली आणि राणी मेली, तर ती वसाहत संपली. अनेक राण्यांची बरणी सांडली, तर पुढचं सांगता येत नाही.

डी.एड.ला आम्हाला पाठाचं टाचण काढायला शिकवलं. पण प्रदर्शन संपल्यावर जिवंत प्राण्याचं काय करायचं, हे कुठल्याच टाचणात नव्हतं. आणि होतं काय? प्रदर्शन संपतं, सुट्ट्या लागतात, मुलगा बरणी मामाच्या गावाला नेतो, कंटाळतो आणि धुऱ्यावर ओततो. मारायचं जिवावर येतं, म्हणून "सोडून दिल्या". यात मुलाचा दोष नाही, त्याला आपण दयाच शिकवलेली असते.

सोडून देण्याची किंमत आपल्याकडच्या माणसांना समजावून सांगावी लागू नये. मालगुजारी तलावांत माजलेली बेशरम बघा, ती मूळची दक्षिण अमेरिकेची. २०२२ च्या खरिपात लातूर, बीड, धाराशिवकडं शंखी गोगलगायींनी सोयाबीनची कोवळी रोपं खाल्ली. ही आफ्रिकेची गोगलगाय भारतात आली १८४७ च्या सुमारास. एका हौशी अभ्यासकानं मॉरिशसहून काही जिवंत आणल्या आणि त्या कलकत्त्यात चौरंगीच्या एका बागेत सोडल्या गेल्या. एका माणसाची हौस होती ती.

कुणी म्हणेल, आगमुंगी तर भारतात आधीच आहे, मग पाळली तर बिघडलं काय? प्रश्न योग्य आहे. उष्ण प्रदेशातली आगमुंगी (सोलेनॉप्सिस जेमिनाटा) सोळाव्या शतकात स्पॅनिश जहाजांतून मेक्सिकोच्या किनाऱ्यावरून मनिलाला आणि तिथून पुढे आशियात पसरली. ती महाराष्ट्रातही आहे. पण महाराष्ट्रात आहे म्हणजे प्रत्येक बांधीत आहे असं नाही. साकोलीहून नागझिऱ्याचं जंगल काही लांब नाही. जमिनीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांच्या नुकत्याच फुटणाऱ्या पिलांवर या मुंग्या तुटून पडतात. तिची दक्षिण अमेरिकेतली बहीण, सोलेनॉप्सिस इन्व्हिक्टा, आणखी वाईट. ती १९३० च्या दशकात जहाजातून अमेरिकेच्या मोबील बंदरात उतरली आणि दक्षिणेकडच्या राज्यांत पसरली. ब्रिस्बेनला ती २००१ मध्ये सापडली, ऑस्ट्रेलिया तिच्यावर अजून पैसा ओततोय. ऑनलाइन मागवलेल्या नळीत कोणती मुंगी आहे, हे तुम्हाआम्हाला नुसतं बघून ओळखता येईल का?

कायद्याचंही बघा. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२ मध्ये दुरुस्ती झाली. परकीय आक्रमक प्रजातींची आयात, व्यापार आणि त्या बाळगणं यावर नियंत्रण आणायचा अधिकार केंद्राला मिळाला. केनियात २०२५ मध्ये दोन कोवळ्या वयाच्या बेल्जियन मुलांकडे सुमारे पाच हजार राणी मुंग्या सापडल्या. त्यांना दहा लाख शिलिंगच्या आसपास दंड झाला. तिथं उलटं होतं, देशी मुंग्या बाहेर चालल्या होत्या. पण हौसेचा बाजार तोच.

दंशाबद्दल थोडक्यात सांगते. ही मुंगी जबड्यानं धरून ठेवते आणि मागच्या नांगीनं पुन्हा पुन्हा डसते. आग होते, फोड येतो. एखाद्या मुलाचे ओठ सुजले किंवा श्वास लागला, तर घरगुती उपाय करत बसू नका, थेट दवाखाना गाठा.

मग वर्गात काय करायचं? माझ्या मते राणी आणायचीच नाही. शाळेच्या आवारातल्या साध्या काळ्या मुंग्या, वीस-पंचवीस, दोन-तीन दिवस बरणीत, साखरपाणी देऊन. नंतर त्या त्याच वारुळाच्या तोंडाशी सोडायच्या, दुसरीकडे नाही. आगमुंगी बघायचीच असेल, तर ती जिथं आहे तिथं बघा, पायात बूट घालून. भिंग लावलं की काही मजूर मुंग्यांची डोकी अंगाच्या मानानं भलतीच मोठी दिसतात, मधोमध खाच असलेली. जेमिनाटाच्या या मुंग्या बिया फोडतात. मुलांना हे राणीपेक्षा जास्त आवडतं, असा माझा अनुभव आहे.

आणि कुणाच्या घरी अशी पेटी आधीच आली असेल, तर ती नालीत, शेतात, परसबागेत कुठंच रिकामी करू नका. झाकण घट्ट लावून पूर्ण पेटी एक-दोन दिवस फ्रीझरमध्ये ठेवा. मुलाला ते का करतोय, हेही सांगा. तो रडेल कदाचित.